गळणारा तंबू आणि न पडलेला पाऊस

अध्यक्ष महोदया, संस्थेचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

‘हलका आणि पाऊसवाऱ्याला दाद न देणारा तंबू कसा निवडावा’ असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. परंतु त्याआधी तंबूच्या पिशवीवर छापलेल्या एका आकड्याविषयी माझी जुनी तक्रार आहे, ती आपल्यापुढे मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ‘वॉटरप्रूफ 2000 मिलिमीटर’, ‘3000 मिलिमीटर’ असा तो आकडा असतो आणि दुकानात शिरलेला माणूस वजन, खांब, दार, शिवण यांपैकी काहीही न पाहता थेट त्या आकड्याला हात घालतो. मोठा आकडा म्हणजे चांगला तंबू, एवढे एकच गणित त्याच्या मनात असते. एका दुकानात माझ्यासमोर एका गृहस्थांनी विक्रेत्याला गंभीरपणे विचारले होते, की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग हा तीन हजारांचा तंबू तिथे ऑगस्टपर्यंत तरी टिकेल का? विक्रेत्याने तितक्याच गंभीरपणे त्यांना पाच हजारांचा तंबू दाखवला. आपण हसता आहात, परंतु यातले निम्मे लोक मनातल्या मनात स्वतःचा तंबू आठवत आहेत, हे मला इथून दिसते.

या आकड्याचा पर्जन्यमापकाशी काहीही संबंध नाही. कापडाचा तुकडा घट्ट धरून त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि कापडातून तीन ठिकाणी पाणी झिरपले, की त्या क्षणी पाण्याचा स्तंभ जितका उंच असेल तितके मिलिमीटर त्या कापडाच्या नावावर लिहितात. म्हणजे हा पावसाचा नव्हे, तर दाबाचा आकडा आहे. आता ताशी शंभर किलोमीटर वेगाने सुटलेल्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला, तर तो पन्नास मिलिमीटरच्याही आतच भरतो. आपटणाऱ्या थेंबाचा क्षणिक दाब याहून बराच अधिक असतो आणि कापड वापराने झिजत जाते, हे सगळे गृहीत धरूनही वरच्या आच्छादनाला, म्हणजे आपण ज्याला फ्लाय म्हणतो त्याला, दीड हजार मिलिमीटर पुष्कळ झाले. याउलट आपण तंबूत गुडघे टेकून बसतो, तेव्हा गुडघ्याखालच्या इवल्याशा जागेवर शरीराचा भार येऊन जो दाब निर्माण होतो, तो सहज काही मीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. ओल्या जमिनीवर पाणी वर येते ते तिथून. तेव्हा आकडा वाचायचाच असेल तर तळाच्या कापडाचा वाचावा; आणि तो बहुतेक वेळा सर्वांत बारीक अक्षरात छापलेला असतो.

ही झाली तक्रार. आता ती ज्या प्रसंगाने पक्की झाली तो प्रसंग सांगतो, आणि तो थोडा लांबेल याची अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

आमच्या गिर्यारोहण मंडळाने काही वर्षांपूर्वी दोन माणसांचे नवे तंबू घेतले आणि नोव्हेंबरात भंडारदऱ्याला, धरणाच्या जलाशयाकाठी मुक्काम ठरवला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि चांदणे इतके स्वच्छ होते, की मंडळी उशिरापर्यंत बाहेर गप्पा मारत बसली होती. पहाटे मात्र एका तंबूतून आरडाओरडा ऐकू आला. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी आणि त्यांचा भाचा झोपले होते. दोघांच्या स्लीपिंग बॅगांचा पायाकडचा भाग चिंब होता, फ्लायच्या आतल्या अंगाला टपोरे थेंब ओळीने लटकत होते, आणि साहेब हातातल्या पंचाने ते पुसून पंचा दाराबाहेर पिळत होते. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : तंबू गळतो. खजिनदारांनी तिथेच जाहीर केले, की विक्रेत्याकडून पैसे परत घेतल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही.

मराठी माणूस एकत्र आला की समिती नेमतो. आम्हीही तंबूच्या गळतीची चौकशी करण्यासाठी तिघांची समिती नेमली आणि पुढच्या रविवारी तो तंबू एका सदस्याच्या सोसायटीच्या गच्चीवर उभारला. आत जुनी वर्तमानपत्रे अंथरली, चेन लावली, आणि बागेच्या नळीने त्यावर अर्धा तास पाणी सोडले. दरम्यान, गच्चीवर पाणी वाया घालवल्याबद्दल सोसायटीच्या सचिवांनी वर येऊन समितीचीच चौकशी केली, ते वेगळे. तंबू उघडला तेव्हा वर्तमानपत्र इतके कोरडे होते, की एका सदस्याने ते तिथेच वाचायला घेतले. हा निष्कर्ष साहेबांना कळवला, तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले ते आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. ते म्हणाले, “म्हणजे पाऊस असताना गळत नाही आणि पाऊस नसताना गळतो, असा तंबू आपण निवडून आणला आहे तर!”

वाक्य विनोदी असले तरी त्यात आजच्या व्याख्यानाचे सार आहे, कारण साहेबांचे निरीक्षण अचूक होते, फक्त पाणी कुठून आले याचा पत्ता त्यांनी चुकीचा धरला होता. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. दोघांचे मिळून अर्धा लिटर. त्यात साहेबांनी ओले मोजे आत वाळत घातले होते आणि थंडी वाजते म्हणून फ्लायचे दार व वरची झरोक्याची फट दोन्ही बंद केली होती. निरभ्र रात्री तंबूचे कापड आपली उष्णता सतत मोकळ्या आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग आतली दमट हवा त्याला स्पर्श करताच, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखे, आतल्या अंगाला पाणी साचते. शिवाय त्यांचा तंबू पाण्यापासून हाकेच्याही आत, खोलगट जागी होता, जिथे रात्री थंड हवा उतरून बसते. त्याच रात्री, त्याच बनावटीच्या दुसऱ्या तंबूत दोन मुली झोपल्या होत्या. त्यांनी तो थोडा वर, आंब्याच्या झाडाखाली लावला होता आणि फ्लायचे दार अर्धे उघडे ठेवले होते. झाडामुळे कापडाला मोकळे आकाश दिसले नाही, दारातून हवा खेळती राहिली, आणि सकाळी त्यांच्या फ्लायवर नावालासुद्धा ओल नव्हती.

खजिनदारांना हे पटवून देण्यात आमचा एक हिवाळा गेला. तोवर विक्रेत्याशी त्यांचा पत्रव्यवहार बराच पुढे गेला होता आणि विक्रेत्याने उदार मनाने ‘याहून जास्त वॉटरप्रूफ’ तंबू बदलून देण्याची तयारी दाखवली होती! कापड जितके अभेद्य, तितका आतला ओलावा बाहेर पडायला वाव कमी, हे त्याच्याही ध्यानात नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे, की सह्याद्रीत वापरायचा तंबू विकत घेताना पाणी आत कसे येणार नाही यापेक्षा वाफ बाहेर कशी जाईल, हे आधी पाहावे. आतली जाळीची खोली आणि बाहेरचा फ्लाय असे दोन वेगळे थर असावेत आणि त्यांच्यात निदान तळहाताएवढे अंतर राहावे, म्हणजे फ्लायला आलेले थेंब आपल्या अंथरुणाला लागत नाहीत. माथ्याजवळ झरोका असावा आणि तो पावसातही उघडा ठेवता येईल अशी त्याला टोपी असावी. समोरासमोर दोन दारे असतील तर फारच उत्तम. त्यासाठी दोनशे ग्रॅम वजन वाढले तरी मी ते आनंदाने वाहीन.

इथे कोणी विचारील, की मग जुलैतल्या मुसळधार पावसाचे काय? माझे मत जरा अप्रिय आहे. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर तंबू नेण्याची गरज मला कधी भासलेली नाही. राजगडावर पद्मावतीचे देऊळ आहे, हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, आणि पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायला जागा आणि चुलीवरची भाकरी मिळते. त्या घराला चार पैसेही मिळतात. तलावाकाठी ओळीने तंबू ठोकून रात्री दोनपर्यंत गाणी वाजवण्याचा जो उद्योग अलीकडे फोफावला आहे, त्याविषयी बोलायला लागलो तर…

अध्यक्ष महोदयांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून जवळपास तसाच शिल्लक आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

पहिला मुद्दा वाऱ्याचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जो उभा राहिला आहे त्याला ठाऊक आहे, की तिथे कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळून सरळ वर चढतो आणि खाली टाकलेली हलकी वस्तू परत अंगावर येते. असा वारा तंबूच्या खाली शिरला की तंबू तळापासून उचलला जातो. कड्यापासून दूर, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला तंबू लावणे हा पहिला उपाय, आणि बुटका, गोलसर आकार हा दुसरा. 1975 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ फेस कंपनीने अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या जिओडेसिक, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने बांधलेल्या, घुमटाच्या तत्त्वावर ‘ओव्हल इंटेन्शन’ हा तंबू आणला. एकमेकांना छेदणारे लवचिक खांब वाऱ्याचा भार सगळ्या सांगाड्यावर वाटून देतात, ही त्यातली युक्ती आज घुमटाकार तंबूंमध्ये सर्रास दिसते. खांब ॲल्युमिनियमचेच घ्यावेत. फायबरग्लासचे खांब स्वस्त असतात, पण जड असतात, तुटतात तेव्हा उभे चिरतात आणि त्यांची कुसळे बोटांत घुसतात.

दुसरा मुद्दा खुंट्यांचा, आणि तो आपल्या डोंगरांसाठी कळीचा आहे. आपला डोंगर बेसाल्टचा. पठारावर वीतभर माती असली तरी खाली कातळ. तिथे पेग जात नाही, वाकतो. म्हणून खुंट्यांवाचून स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा तंबू इथे सोयीचा. आल्बर्ट ममरी या ब्रिटिश गिर्यारोहकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फातल्या कुऱ्हाडीच खांब म्हणून वापरून अगदी हलका तंबू तयार केला होता. तोच विचार आज चालण्याच्या काठ्यांवर उभ्या राहणाऱ्या, किलोच्याही आत भरणाऱ्या तंबूंमध्ये आहे. हिमालयातल्या कुरणांवर ते उत्तम, पण त्यांचा सगळा जीव ताणाच्या दोऱ्यांत असतो. कातळावर ते वापरायचे तर दोरी लहान दगडाला गुंडाळून त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूने, मोठा दगड अडवून ठेवण्याची कला आधी अंगणात शिकून घ्यावी.

तिसरा, वजन. दोन माणसांचा, दोन थरांचा, स्वतः उभा राहणारा तंबू दीड ते दोन किलोत बसला तर तो हलका समजावा. स्वस्तातले तंबू तीन किलोकडे झुकतात. दोघांत वाटून घेतल्यास तेही चालते, फ्लाय एकाकडे आणि खांब दुसऱ्याकडे. कापडावर ‘20 डी’, ‘40 डी’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ नऊ किलोमीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन. कमी आकडा म्हणजे हलके आणि नाजूक कापड. करवंदीच्या जाळ्यांतून फिरणाऱ्याने तळाचे कापड फार पातळ घेऊ नये.

चौथा, कापडाची जात. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन हलके आणि चिवट असते, परंतु भिजले की सैल पडते, म्हणजे पावसात मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. शिवाय त्याच्या शिवणीवर नेहमीची टेप बसत नाही, शिवणींना सिलिकॉनच लावावे लागते. पॉलिएस्टर पाण्याने फारसे ताणत नाही आणि उन्हालाही जास्त टिकते, म्हणून थोडे वजन सोसून मी तेच सुचवतो. दुकानात आणखी एक गोष्ट विचारा : फ्लाय आधी उभारून आतली खोली मागाहून टांगता येते का? येत असेल तर पावसात तंबू लावताना तुमची झोपायची जागा कोरडी राहते, आणि जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

शेवटचा मुद्दा मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी. तंबूच्या कापडाला पाणी अडवण्यासाठी आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू कुजतो. तंबू ओलसर घडी करून पावसाळाभर माळ्यावर ठेवलात, तर दिवाळीत उघडताना तो चिकट झालेला असेल, आंबूस वास मारील, आणि त्या लेपाला पुन्हा जिवंत करण्याचा खात्रीचा उपाय नाही. सहलीहून आल्यावर तो दोरीवर सावलीत पूर्ण वाळवावा आणि कंपनीच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवावा. वापरलेला तंबू विकत घेणाऱ्यानेही आधी फ्लायची आतली बाजू बोटाने चोळून पाहावी आणि हुंगावी. बोटाला चिकटपणा जाणवला, तर किंमत कितीही कमी असो, तो तंबू घेऊ नये.

मागच्या बाजूला कार्यकर्त्यांनी तीन तऱ्हेचे तंबू उभारून ठेवले आहेत. बूट काढून आत शिरा, आडवे व्हा, डोके आणि पाय कापडाला लागतात का ते पाहा, आणि प्रश्न तिथेच विचारा; सभागृहाची वेळ संपली तरी मी तिथे आहे.