बाकी एक: जगाचं कॅलेंडर कुठे अडलं?

नमस्कार! आधी एक साधा भागाकार करू. ३६५ भागिले ७. बावन्न आठवडे, बाकी एक. लीप वर्षात बाकी दोन. या बाकीमुळे दरवर्षी वार सरकतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर वर्षअखेरीला रद्दीत जातं. सगळ्या जगाला कायमचं एकच कॅलेंडर द्यायचं, तर या उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. एक चांगली मोहीम नेमकी इथेच हरली.

१९३० मध्ये एलिझाबेथ अकेलिस यांनी न्यूयॉर्कला वर्ल्ड कॅलेंडर असोसिएशन काढली. त्यांची मांडणी स्क्रीनवर बघा. प्रत्येक तिमाहीत ३१, ३० आणि ३० दिवसांचे महिने. बेरीज ९१, म्हणजे बरोबर १३ आठवडे. प्रत्येक तिमाही रविवारी सुरू, शनिवारी समाप्त. ३१ च्या महिन्यात पाच रविवार, ३० च्या महिन्यात चार, त्यामुळे रविवार सोडून प्रत्येक महिन्यात २६ च दिवस. पगारपत्रक करणाऱ्यांना याचं मोल लगेच कळेल. चार तिमाह्या मिळून ३६४ दिवस झाले. उरलेला दिवस ३० डिसेंबरनंतर, जागतिक सुट्टी म्हणून. त्याला वारच नाही. लीप वर्षाचा जादा दिवस ३० जूननंतर, तोही वाराविना.

भारताने हा प्रस्ताव १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेला. १९५४ ला जिनिव्हात आर्थिक आणि सामाजिक परिषदेपुढे भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी त्याची बाजू मांडली. साहा तेव्हा आपल्या कॅलेंडर सुधारणा समितीचेही अध्यक्ष होते. त्या समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, हे आपण मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवायला हवं. १९५५ मध्ये अमेरिकेने विरोध नोंदवला आणि १९५६ मध्ये परिषदेने विषय बेमुदत बाजूला ठेवला.

विरोध कशाला होता? माझं बोट कुठे आहे बघा. ३० डिसेंबर, शनिवार. पुढचं घर वाराविना. त्यापुढे १ जानेवारी, रविवार. आता जो माणूस खंड न पाडता सात-सात दिवस मोजतो, त्याच्या हिशेबी वाराविना घर हाच रविवार आणि १ जानेवारीला सोमवार. म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ, नव्या वर्षी कॅलेंडरवर शुक्रवारी येणार, त्याच्या पुढच्या वर्षी गुरुवारी. जुम्म्याचंही तेच. आपला श्रावणी सोमवार कॅलेंडरवर रविवारी येईल. पंचांगाच्या पाच अंगांपैकी वार हे एक अंग, मग त्या दिवशी पंचांगकर्त्याने वाराच्या रकान्यात काय छापायचं? ब्रिटनचे प्रमुख रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोसेफ हर्ट्झ १९३१ च्या जिनिव्हातल्या कॅलेंडरविषयक परिषदेपासून हेच सांगत होते, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. सोव्हिएत संघाने १९२९ पासून पाच आणि मग सहा दिवसांचा आठवडा लादून पाहिला. १९४० मध्ये सात दिवसांवरच परत यावं लागलं.

म्हणून आमचं ठाम मत आहे: आठवड्याला हात लावू नका. बाकी साठू द्या आणि सात दिवस भरले की एक अख्खा आठवडा घाला. अधिक महिन्याची सवय असलेल्या आपल्याला हे पटकन उमगतं. गणितही चोख बसतं. ग्रेगोरियन पद्धतीची ४०० वर्षं म्हणजे १,४६,०९७ दिवस, सातने नि:शेष भाग जातो, २०,८७१ आठवडे. त्यात ७१ वर्षं ५३ आठवड्यांची, बाकीची ५२ ची. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आठवडा-क्रमांक आजही असेच चालतात. २०२६ सालात ५३ आठवडे आहेत.

प्रत्येक तिमाहीत महिन्यांची मांडणी ३०, ३०, ३१ ठेवायची, सोमवारपासून. १५ ऑगस्ट कायम बुधवारी. ३१ मार्च शाबूत, त्यामुळे आर्थिक वर्षाला धक्का नाही. अकेलिस यांच्या मांडणीत मात्र ३१ मार्च उडत होता.

अडचणी आहेत. ३१ जानेवारी, ३१ मे, ३१ जुलै, ३१ ऑगस्ट आणि ३१ ऑक्टोबर या तारखा जातात. तेव्हा जन्मलेल्यांचं वय कधी पूर्ण धरायचं, याचा नियम कायद्यात आधी लिहावा लागेल. व्याज वर्षावर न मोजता दिवसांवर मोजावं लागेल, कारण एक वर्ष ३६४ दिवसांचं तर एखादं ३७१ चं. मासिक पगार आणि भाड्याच्या करारात जादा आठवड्याचं कलम हवं. मकरसंक्रांतीसारखा सौर सण काही दिवस मागेपुढे हलेल. हा दोष खरा आहे, तो लपवून प्रचार करू नये.

सुरुवात सोमवारी येणाऱ्या १ जानेवारीला करायची: २०२९, ते हुकलं तर २०३५. तोवर आपल्यापुरतं वापरायला परवानगी कुणाची लागत नाही. कॅमेरा-फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने १९२८ ते १९८९ तेरा महिन्यांचं कॅलेंडर कंपनीच्या आतल्या आत चालवलं. उलट आपलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर २२ मार्च १९५७ पासून अधिकृत आहे, त्या तारखेचा चेकही बँकेत चालतो, तरी काउंटरवर ती तारीख लिहिणारा विरळाच. वापर आधी रुजवावा लागतो. ऑफिसच्या पत्रांवर तारखेशेजारी आठवड्याचा क्रमांक छापा. मग तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एक कॉपी घेऊन तारखेच्या रकान्यात ३० फेब्रुवारी टाका. कुठे कुठे ती नाकारली जाते, याची यादी कमेंटमध्ये लिहा.