दाखला काढण्याआधी

(दृश्य: पहाट. कराड तालुक्यातला एक फाटा. धुक्यातून येणारी पिवळी बस.)

निवेदन:

टाय लावलेली, अर्धवट झोपेतली पोरं इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये चढतायत. गावात मागे झेडपीची शाळा आहे. अशा शाळेत पाचवीच्या वर्गात एखादी मुलगी असतेच, की गुरुजींनी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर तयार. मग गुरुजी वडिलांना पारावर गाठतात. म्हणतात, "पोरगी हुशार आहे, तिच्याकडं बघा जरा." झालं. त्या रात्रीपासून घरात एकच विषय: सरकारी की खासगी?

खरं तर हा प्रश्नच फसवा आहे. आपल्याकडे झेडपीची शाळा बहुतेक गावांत चौथी-पाचवीला, फार तर सातवी-आठवीला संपते. पुढचं हायस्कूल असतं एखाद्या संस्थेचं. संस्था खासगी, पण मास्तरांचा पगार सरकारचा. हीच ती अनुदानित शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच तालुक्यातल्या काले गावात. तेव्हा खासगी म्हटल्यावर महाग असं काही आपल्या मातीत ठरलेलं नव्हतं. महाग आहेत त्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय फीवर चालणाऱ्या शाळा. २०१२ च्या कायद्यानं त्यांना वाट मोकळी करून दिली.

(दृश्य: नवोदयच्या प्रवेश परीक्षेचा सराव. उत्तरपत्रिकेवरचे गोल पेननं भरणारी बोटं.)

हुशार पोराच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार थोड्या घरांत माहीत असते. लवकर खासगीत किंवा शहरातल्या शाळेत घातलं की काही हक्क गुपचूप निसटतात.

नवोदयचंच घ्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. राहणं, जेवण, शिक्षण तिथंच. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण कोण? ज्यानं तिसरी, चौथी, पाचवी, तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत काढली तो. चौथीत हौसेनं शहरातल्या शाळेत नाव घातलं, की मूल गावात राहत असलं तरी शहरी धरलं जातं. परीक्षेला बसायची संधीही एकदाच. बसच्या नादात ही रांग सुटल्याचं बऱ्याच पालकांना फॉर्म भरताना कळतं.

तीच गत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची. आठवीत परीक्षा, आणि नंबर लागला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाचे वडील शेतमजूर असले तरी त्याला बसता येत नाही.

आणि आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं राखलेल्या २५ टक्के जागांतून खासगी शाळेत गेलेलं मूल? कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, मोफत शिक्षण आठवीपर्यंतचं. नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीची पावती हातात येते, तीही दहावी तोंडावर असताना.

(दृश्य: एका हायस्कूलची प्रयोगशाळा. दाराला गंजलेलं कुलूप.)

अनुदानित शाळेत सगळं आलबेल आहे, असंही कोणी समजू नये. २०१२ नंतर बरीच वर्षं शिक्षक भरती बंद होती. गणिताचे सर निवृत्त झाले की जागा रिकामी, आणि मग मराठीचे सर भूमिती ओढत नेतात. असं असेल तर हुशार पोराला तिथं ठेवण्यात अर्थ नाही, शाळा कितीही नावाजलेली असो. म्हणून शाळा बघायला स्नेहसंमेलनाला जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. विचारा, नववीला गणित कोण शिकवतं, आणि ते किती वर्षं इथं आहेत? प्रयोगशाळेच्या कपाटातली परीक्षानळी हातात घेऊन बघा. आतून डाग पडलेली असेल तर बरं. चकचकीत असेल तर ती कुणी वापरलेली नाही.

हाच प्रश्न महागड्या शाळेतही विचारा. तिथं भिंतीवर डिजिटल फळा असतो, पण तुटपुंज्या पगारामुळे शिक्षक दर जूनला नवे. इंग्रजीची काळजी असेल, तर बऱ्याच अनुदानित हायस्कूलांत सेमी-इंग्रजी आहे: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तरीही खासगीतच जायचं ठरलं, तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर नाव द्या. फीचा प्रस्ताव कायद्यानं तिथं मांडावा लागतो. गप्प बसणाऱ्या पालकांच्या सह्यांवरच फी वाढते.

(दृश्य: एसटीच्या खिडकीशी पास दाखवणारी मुलगी.)

नवोदयला नंबर नाही लागला, तर नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते. तोवर मुलीला एसटीचा पास मोफत, पुस्तकं आठवीपर्यंत मोफत. वाचलेले पैसे बाजूला टाकावेत. अकरावीला शहरात खोली, मेस आणि क्लास आला, की हिशेब करायची वेळ खरी तेव्हा येते.