कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार.

रोज सकाळी सहाच्या सुमारास माझा मोबाईल एकदा वाजतो. तो कुणाचा मेसेज आहे हे न बघताही मला कळतं. आमच्या दहावीच्या वर्गाचा एक गट आहे, तेवीस जणांचा. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी आम्ही दहावीत होतो, म्हणजे आता सगळेच पन्नाशीकडे झुकलोय. त्यातला एक मित्र एस.टी.त कंडक्टर आहे. तो मुक्कामी गाडीवर असतो. रात्री गाडी कुठल्यातरी खेड्यात थांबते आणि पहाटे तिथूनच परत निघते. गाडी सुटायच्या आधी, तोंड धुऊन झालं की, तो गटावर सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न टाकतो. दिवसभर ज्याने त्याने उत्तर द्यायचं आणि रात्री नऊला तो बरोबर उत्तर सांगतो. एखाद्या गावात रेंज नसली तर प्रश्न आठ वाजता येतो, पण चुकत नाही.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. प्रश्न विचारणं हा माझा रोजचाच धंदा. तरी खरं सांगते, प्रश्न कसा धरावा हे मी या गटात शिकले.

पहिलं वर्षभर प्रश्न भरतीच्या पुस्तकातले असायचे. अमक्या देशाची राजधानी कोणती, तमका शोध कुणी लावला. भारतातली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी कोणती? गोदावरी, १,४६५ किलोमीटर. कुणीतरी मोबाईलमध्ये शोधायचं, उत्तर टाकायचं, त्यावर पाच-सहा अंगठे यायचे आणि गट पुन्हा झोपी जायचा. ज्या गोदामाईला आम्ही लहानपणापासून गंगा म्हणतो, जिच्या काठावर गंगाखेड आहे, तिचा प्रश्न आला आणि तिच्याबद्दल एकही शब्द न बोलता गेला. मला त्याची चुटपुट लागली होती, पण काय चुकतंय ते कळत नव्हतं.

मग एके दिवशी प्रश्न आला, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? अर्ध्या तासात अठरा उत्तरं आली, अठराही हॉकी. त्यात माझंही होतं. अंबाजोगाईला आमची एक मैत्रीण वाचनालयात काम करते. तिने एकच शब्द लिहिला, "कशावरून?"

मला आधी रागच आला. वीस वर्षं मी वर्गात हेच शिकवत आले होते. पण तिला उत्तर द्यायला म्हणून शोधायला बसले, तर सरकारने हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केल्याचा कागद कुठेच सापडेना. सापडलं ते उलटंच. २०१२ मध्ये एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात हेच विचारलं होतं, आणि कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, असं उत्तर केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याने तिला दिलं होतं. हॉकीत आपण ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं मिळवली, १९२८ पासून १९५६ पर्यंत लागोपाठ सहा. लोकांच्या मनात हॉकीला तो मान मिळाला तो त्यामुळे, आणि तो खराच आहे. पण मनातला मान वेगळा आणि सरकारी घोषणा वेगळी.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. वीस वर्षांत माझ्या हाताखालून किती लेकरं गेली, त्यातल्या किती जणांनी परीक्षेच्या पेपरात माझ्या भरवशावर ते लिहिलं असेल! दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात मी फळ्यावर आधी 'हॉकी' लिहिलं, मग पुसलं, आणि बाईंचं चुकलं होतं हे लेकरांना सरळ सांगितलं. लेकरं गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "बाई, मग आणखी काय काय चुकलंय?"

त्या दिवसापासून आमच्या गटाचा दुसरा नियम झाला. उत्तरासोबत 'कशावरून' लिहायचं. पुस्तकात वाचलं असेल तर कुठल्या, डोळ्यांनी पाहिलं असेल तर कुठे, माणसाला विचारलं असेल तर कुणाला. 'सगळीकडे लिहिलंय' हे चालणार नाही. या एका नियमाने पहिल्या दोन महिन्यांत किती गोष्टी गळून पडल्या! युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेज आमच्यातल्या निम्म्यांनी पुढे पाठवला होता, आणि युनेस्कोने असं काहीच ठरवलेलं नाही. लोणारचं सरोवर मराठवाड्यातलं, असं आम्ही अभिमानाने सांगायचो. ते बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणजे विदर्भात.

उत्तरं कमी झाली, पण लांब झाली. आणि श्रोतेहो, माणसं आपल्याच घरात प्रश्न विचारायला लागली.

मराठवाडा स्वतंत्र कधी झाला, हा प्रश्न आला तेव्हाचं सांगते. १७ सप्टेंबर १९४८. हे शाळेतल्या लेकरांनाही पाठ असतं, त्या दिवशी झेंडावंदन असतं. देश स्वतंत्र झाला त्यानंतर तेरा महिने आणि दोन दिवसांनी. तोवर आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती दिली. जुनी माणसं त्याला अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. हे सगळं पुस्तकात आहे. पण आमच्या एका मित्राने 'कशावरून'साठी आपल्या आजीला विचारलं आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणाली, "रझाकार आले म्हणलं की आमी ज्वारीत जाऊन बसायचो. ज्वारी डोक्याच्या वर गेलती. माय तोंडावर हात धरायची, खोकला येऊ नये म्हणून."

मग आजीने ट्रंकेतून कापडात गुंडाळलेलं एक नाणं काढून दाखवलं. त्याचा फोटो मी आजही जपून ठेवलाय. चांदीचं नाणं, काळवंडलेलं, मधोमध चारमिनार. हा निजामाचा हाली सिक्का. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कळदार म्हणायचे, आणि सहा कळदार म्हणजे सुमारे सात हाली असा हिशेब असायचा. सोलापूरच्या बाजाराला जायचं तर आधी पैसे बदलून घ्यावे लागत, असं आजीच्या वडिलांचं सांगणं होतं. श्रोतेहो, मी इतिहास शिकवते. संस्थान वेगळं होतं हे मी शेकडो वेळा सांगितलंय. पण सोलापूरला भाजी विकायला जायचं तर नाणं बदलावं लागत होतं, हे ऐकल्यावर ते 'वेगळं' म्हणजे किती वेगळं, ते मला पहिल्यांदा समजलं.

एक प्रश्न मात्र आम्ही परत घेतला. ३० सप्टेंबर. त्या दिवशी साहजिकच किल्लारीच्या भूकंपाचा प्रश्न आला, तीव्रता किती आणि वेळ कोणती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२, माणसं गेली दहा हजारांच्या घरात. आकडे सगळ्यांना ठाऊक होते. पण आमच्या वर्गातल्या एकीचं आजोळ औसा तालुक्यातलं. तिने दिवसभर काही लिहिलं नाही. रात्री लिहिलं, "मला कशावरून विचारू नका." पुढे चार दिवसांनी तिने आपणहून सांगितलं की मामाचं घर माळवदाचं होतं, दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वरती मातीचं जड छत. उन्हाळ्यात ते घर गार असायचं म्हणून ती सुट्टीत तिथेच राहायची. मातीत रचलेले दगड हादऱ्याने सुटले आणि ते छत झोपलेल्या माणसांवर आलं. त्या भूकंपात एवढी माणसं का गेली, याचं मोठं कारण हेच. त्यावर गटात कुणीही अंगठा टाकला नाही.

आता तुम्हाला मे महिन्यातली गोष्ट सांगायची आहे. खरं तर तिच्यासाठीच मी हे भाषण द्यायला तयार झाले.

प्रश्न होता, आपल्या गावात सावली पूर्ण नाहीशी कधी होते? बहुतेकांनी लिहिलं, रोज दुपारी बाराला. कंडक्टर मित्राने उत्तरच दिलं नाही. तो म्हणाला, अंगणात तांब्या ठेवा आणि बघा.

रोज बाराला सावली नाहीशी होत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, आणि तोही कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या गावांतच. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, रोज साधारण २५ ते २७ किलोमीटर. म्हणून मराठवाड्यात तो आधी दक्षिणेकडच्या गावांच्या माथ्यावर येतो. आम्ही पाच गावांत पाच तांबे ठेवले. १३ मेच्या सुमारास लातूरच्या मित्राचा फोटो आला. फरशीवर पितळी तांब्या आणि भोवती सावली नाही, नुसता बुडाशी अंगठीएवढा काळा गोल. माझ्या अंगणात तेव्हा किंचित सावली होती. ती रोज आखडत गेली. १७ मेला, १२ वाजून १९ मिनिटांनी, माझ्या तांब्याची सावली तांब्यातच शिरली. मी तुळशीपाशी उन्हात एकटी उभी होते आणि माझीही सावली फक्त पायाखाली होती. संभाजीनगरच्या मैत्रिणीचा फोटो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आला. बाराऐवजी सव्वाबारानंतर का, तर घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, आणि आपण त्याच्या पश्चिमेला. सूर्याला आपल्याकडे यायला तेवढा उशीर.

आमचा एक मित्र दिल्लीला नोकरीला आहे. त्याला गंमत वाटेना. तो म्हणाला, "इथे सावली जातच नाही." जाणार नाहीच, दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. पण त्याच्या या एका तक्रारीवरून मला काही सुचलं. इराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला होता. एका गावात सूर्य विहिरीच्या तळाशी दिसत होता, दुसऱ्या गावात काठीला सावली होती. आणि नकाशा उघडला तर काय, परभणी आणि दिल्ली जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर!

मी त्याला लगेच फोन केला. त्याने आदल्याच दुपारी, म्हणजे माझी सावली गेली त्याच दिवशी, दारासमोर एक मीटरची काठी उभी करून सावली मोजून ठेवली होती, साडेसोळा सेंटिमीटर. मी वहीच्या पानावर दहा सेंटिमीटरची उभी रेघ काढली, तिच्या पायाशी काटकोनात १.६५ सेंटिमीटरची आडवी रेघ काढली, टोकं जोडली आणि कोनमापक लावला. कोन सव्वानऊ आणि साडेनऊ अंशांच्या मध्ये आला. मग हिशेबाने नेमका काढला, ९.३७ अंश. त्या वेळी माझ्याकडे सावली शून्य होती, म्हणून पृथ्वीच्या गोलावर परभणी आणि दिल्ली यांच्यातला कोनही तेवढाच. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. म्हणजे परभणी ते दिल्ली हे अंतर पृथ्वीच्या घेरात ३८.४ वेळा बसतं. नकाशावर मोजलेलं सरळ अंतर १,०३५ किलोमीटर. गुणाकार केला, ३९,७४४. पृथ्वीचा उत्तर-दक्षिण घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

श्रोतेहो, एक काठी, एक तांब्या, शाळेतला कोनमापक आणि दोन मित्र. तो आकडा वहीत उमटला तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असलेल्या सासूबाईंना ओढत आणून ती वही दाखवली. त्यांनी हात पुसले, वही बघितली आणि विचारलं, "एवढ्या पानात धरती मावली व्हय?"

सावली नाहीशी होण्याचा दुसरा दिवस जुलैत येतो, सूर्य परत दक्षिणेकडे निघतो तेव्हा. आपल्याकडे तो २६-२७ जुलैच्या आसपास. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. पण शाळा सुरू असते. मी फळ्यावर मे महिन्यातली वेळ, १२ वाजून १९ मिनिटं, लिहून ठेवली आणि सहावीच्या लेकरांना घेऊन ध्वजस्तंभापाशी उभी राहिले. चिखल होता. ढग हलेनात. १२.१९ झाले, १२.२५ झाले. लेकरं कंटाळली नाहीत, सगळी आभाळाकडे बघत होती. ऊन पडलं ते मिनिटभरासाठी, आणि तेवढ्यात पोरं ओरडली, "बाई, गेली! सावली गेली!" मी घड्याळ बघितलं, १२ वाजून २९ मिनिटं.

एक मुलगी फळ्याकडे धावत गेली आणि परत आली. म्हणाली, "बाई, मे महिन्यात १२.१९ होते ना? गाव तेच, घड्याळ तेच, मग सूर्याला दहा मिनिटं उशीर कशानं झाला?"

मी तिथे उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तिचा प्रश्न कंडक्टर मित्राला पाठवला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने तो मुक्कामाच्या गावाहून गटावर टाकला आणि खाली लिहिलं, "आजचा प्रश्न इयत्ता सहावीचा. कशावरून लिहायला विसरू नका."

नमस्कार.