सैनिकाच्या मागचे घर

(सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या आदल्या संध्याकाळी साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, समोर बसलेले माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नी आणि मित्रहो,

उद्या ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो आणि त्या दिवशी जमणारा ध्वजनिधी तीन कामांसाठी असतो : युद्धात जखमी झालेल्यांचे आणि शहिदांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्या जवानांचे व त्यांच्या घरच्यांचे कल्याण, आणि निवृत्त सैनिकांना मदत. उद्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या छातीवर तो छोटा ध्वज लागेल, आणि लागलाच पाहिजे. मला आज बोलायचे आहे ते या तीन कामांमधल्या दुसऱ्याविषयी, म्हणजे सैनिक सीमेवर असताना त्याच्या मागे जे घर राहते त्याविषयी. मी स्वतः अशाच एका घरात वाढले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि माझ्या लहानपणातील त्यांचा सहवास वर्षाकाठी दोन महिन्यांच्या रजेपुरता होता.

आपल्या जिल्ह्याला सैनिकांचा जिल्हा म्हणतात. त्यामागे शौर्याची परंपरा आहे, तसे पावसाचे गणितही आहे. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस माण-खटावपर्यंत येईतो संपलेला असतो. सांगलीकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळची तीच कथा. अशा कोरडवाहू रानावर तीन भावांची पोटे भरत नसत, म्हणून एक भाऊ रानात, एक मुंबईच्या गिरणीत आणि एक फौजेत, अशी घराची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हे सांगितल्याने फौजेत गेलेल्याचे मोल कमी होत नाही. घर चालावे म्हणून तो गेला, आणि वेळ आली तेव्हा देशासाठी उभा राहिला. या दोन्ही गोष्टी त्याच्याच आहेत.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, असे सांगितले जाते, आणि त्यांचे स्मारक आजही गावात आहे. त्या युद्धात आपली माणसे कुठवर गेली होती याचा अंदाज यावा म्हणून एकच प्रसंग सांगते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या ठिकाणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात सापडलेली डिव्हिजन ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखली जाई आणि तिच्यात १०३, ११० व ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून खावी लागली. ते मांस खाण्याची घरच्या संस्कारांमुळे तयारी नसलेले कितीतरी शिपाई उपासमारीने खंगले. शरणागतीनंतर वाळवंटातून जी पायपीट झाली आणि जी कैद आली, तिच्यातून अनेक जण परतले नाहीत.

बसरा येथील स्मारकावर त्या मोहिमेतील चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती जपलेली आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे तिथल्या भिंतीवर एकेक करून कोरली गेली; हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली; पण हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली गेली. ही माहिती प्रथम वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडच्या कुठल्या तरी वाडीतून निघालेला मुलगा आगबोटीने बसऱ्याला उतरला, मेला आणि दगडावर एका आकड्यात मिसळला. त्याच्या आईला गावात काय कळले असेल, कधी कळले असेल आणि ते कोणी वाचून दाखवले असेल, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाहीत.

आमच्या घरी पत्र यायचे तेव्हा त्यावर ठिकाणाचे नाव नसायचे. वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढाच पत्ता. लष्करी टपालात जागा गुप्त ठेवण्यासाठी ही व्यवस्था आहे हे मला पुष्कळ नंतर समजले. लहानपणी मला वाटे, छप्पन एपीओ नावाचे एखादे फार मोठे गाव असावे आणि सगळ्यांचे वडील तिथेच राहत असावेत. अंतर्देशीय पत्राची सुरुवात ठरलेली : ‘मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे.’ पुढे सगळे प्रश्नच असायचे. पाऊस किती झाला, विहिरीला पाणी कुठवर आले, म्हैस व्याली का, बांधाचे काय झाले.

‘बांधाचे काय झाले’ हा प्रश्न प्रत्येक पत्रात असे. शेजारच्या रानवाल्याने दर नांगरटीला आमचा बांध वीतभर कोरायचा, आईने भांडायचे, आणि ‘तुमचा कारभारी आला की बोलू’ असे उत्तर ऐकून घरी यायचे. कारभारी यायचा तो दहा महिन्यांनी, आणि रजेचा निम्मा काळ तलाठ्याच्या आणि मोजणीच्या हेलपाट्यांत जायचा. उणे तापमानात पहारा देणारा माणूस शत्रूला डगमगत नाही; त्याला पोखरते ती घरून आलेली अशी बातमी, कारण तिथून तो काहीही करू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या जवानांच्या बायकांशी बोलताना आजही पहिली तक्रार बहुधा बांधाची, वाटेची किंवा भाऊबंदकीतल्या वाटणीचीच असते.

याबाबत कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९२५ च्या भारतीय सैनिक (न्यायालयीन दावे) अधिनियमानुसार युद्धजन्य किंवा तशा विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाविरुद्ध दिवाणी दावा चालू असेल आणि तो हजर राहू शकत नसेल, तर तशी बाब न्यायालयासमोर मांडता येते, जिल्हाधिकारीही ती कळवू शकतात, आणि न्यायालयाला काम तहकूब ठेवता येते. त्या सेवेचा काळ दाव्यासाठी कायद्याने घालून दिलेल्या मुदतीच्या गणनेतूनही वगळला जातो. जवानाच्या कमांडिंग ऑफिसरचे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना आले तर महसुली प्रकरणालाही गती मिळू शकते. इतके सगळे असूनही गावात हे माहीत असलेला माणूस क्वचित भेटतो. परंतु मी कायद्याच्या आधी गावाकडे बोट दाखवीन. ज्या ग्रामपंचायतीच्या कमानीवर ‘सैनिकांचे गाव’ असे रंगवलेले आहे, त्या गावाच्या पंचांनी सैनिकाचा बांध कोरला जात असताना गप्प बसणे मला सहन होत नाही.

आता कागदांविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण वीस वर्षे मी हेच काम करत आले आहे आणि कागदाने माणसे किती रडवली आहेत हे मी पाहिले आहे. जवानाचे लग्न, मुलांचे जन्म, बायकोचे नाव आणि जन्मतारीख यांची नोंद पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या लेखी आदेशाने, होते आणि ती जवानांच्या सेवेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. जवान रजा संपवून पलटणीत गेला, नोंद करताना त्याने लग्नपत्रिकेवरचे माहेरचे नाव सांगितले, इकडे रेशनकार्डावर सासरचे नाव चढले, आणि पुढे आधारकार्डावर तिसरेच. नवरा जिवंत आहे तोवर या तीन नावांनी कुणाचे काही बिघडत नाही. तो गेला की मात्र कुटुंब पेन्शन मागणारी बाई ही त्याची पत्नीच आहे, हे तिला सिद्ध करत बसावे लागते. माझ्या आईला यासाठी चौदा महिने लागले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना ती प्रत्येक वेळी वडिलांची पदके रुमालात बांधून बरोबर न्यायची, कारण कागद खोटे म्हटले तरी पदके कोणी खोटी म्हणणार नाही, असे तिला वाटे. पदके कोणी पाहिली नाहीत. शेवटी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि रेकॉर्ड ऑफिसची दुरुस्ती यांनी काम झाले, आणि हे दोन्ही वडील असतानाच एका दुपारी करून ठेवता आले असते.

पेन्शनच्या प्रकाराबाबतही असेच अज्ञान आहे. ढोबळ मानाने सांगायचे तर सामान्य कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, सेवेच्या कारणाने मृत्यू झाल्यास विशेष कुटुंब पेन्शन ६० टक्के, आणि युद्धात किंवा तत्सम कारवाईत मृत्यू आल्यास उदारीकृत कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाइतकी. मृत्यूचे कारण सेवेशी निगडित ठरले की नाही, या चौकशीतल्या एका शेऱ्यावर घराचे पुढचे चाळीस वर्षांचे जगणे ठरते. ज्या मुलीचा नवरा चार दिवसांपूर्वी तिरंग्यात गुंडाळून आला, ती हा शेरा वाचायला बसणार नाही. म्हणून तो वाचू शकणारे कोणीतरी तिच्या बाजूला बसलेले असावे.

हयातीच्या दाखल्याचे सांगायचे तर २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने देता येतो आणि त्याने सोय झाली, परंतु रानात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. आता चेहरा दाखवूनही दाखला होतो. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला मोबाइल घेऊन पाच मिनिटे ओसरीवर बसायला सांगा, एवढेच ते काम आहे.

निवृत्त सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशांचे आजोबा येतात. प्रत्यक्षात शिपाई हुद्द्यावरचा माणूस चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, तेव्हा मुले शाळेत असतात आणि अर्धे आयुष्य शिल्लक असते. जावळीतील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे लष्कराच्या सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि मुंबई पोलिसांत भरती झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. फौजेतून परतलेल्या माणसाला वॉचमनची खुर्ची देऊन मोकळे होणाऱ्यांनी त्या माणसात किती काही असते याचा विचार करावा.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन मानला जातो, कारण १९५३ साली त्या दिवशी जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास संक्रांत असते आणि घरोघर हळदीकुंकू सुरू होते. इथे मला मनात कित्येक वर्षे साचलेले बोलायचे आहे. ज्या वीरपत्नीच्या हस्ते आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करवतो, तिला त्याच आठवड्यातल्या हळदीकुंकवाला बोलावत नाही. नवऱ्याच्या पुतळ्याला हार, आणि तिच्या कपाळाकडे पाहून वळवलेली मान. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. सैनिकांची गावे म्हणवणाऱ्या आपल्या गावांनी हा ठराव सर्वांत आधी करायला हवा होता. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईच्या अकादमीतले प्रशिक्षण पूर्ण केले आणि २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. त्यांचा सत्कार आपण मोठ्या अभिमानाने केला. तसे धैर्य दाखवण्याची संधी न मिळालेल्या, धुणीभांडी आणि शेळ्या सांभाळून मुले वाढवणाऱ्या बाईलाही वाण मिळाले पाहिजे.

शाळांमधून सीमेवर राख्या जातात, त्या जाऊ द्याव्यात. मी शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गातल्या मुलांना त्यासोबत पत्र लिहायला सांगत असे आणि ‘शूर सैनिका, तुला सलाम’ असे मोठे शब्द टाळून गावात काय चालले आहे ते लिहा म्हणत असे. एकदा खटावच्या एका मुलीने लिहिले की यंदा येरळेला पूर आला आणि ओढ्यावरचा पूल दोन दिवस पाण्याखाली होता. तीन आठवड्यांनी लष्करी टपालाच्या शिक्क्याचे उत्तर आले. लिहिणारा जवान शेजारच्याच तालुक्यातला निघाला. त्याने पूर कोणत्या दगडापर्यंत आला ते विचारले होते आणि त्या दगडाचे वर्णनही केले होते. मुलीने जाऊन तो दगड शोधला आणि पुन्हा लिहिले. हा पत्रव्यवहार दोन वर्षे चालला.

उद्या सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत याच सभागृहाच्या ओसरीवर आम्ही काही जण टेबल मांडून बसणार आहोत. येताना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, पतिपत्नी दोघांचे आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. जे जवान सध्या सेवेत आहेत त्यांच्या घरच्यांनी लग्नाची नोंद कोणत्या नावाने झाली आहे ते आज रात्रीच फोनवर विचारून घ्यावे. आणि ज्या बायकांना एकटीने यायला अवघड वाटते त्यांना शेजारणीने हाताला धरून आणावे, चहा आमच्याकडे आहे.