शाहू स्टेडियमच्या पुढं काय?

(पहाट, गांधी मैदान. सुरुवातीला फक्त बॉलचा आवाज.)

सकाळचे सव्वासहा वाजलेत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं गांधी मैदान अजून नीट उजाडलेलं नाही, कडेनं कानटोपी घातलेली काका मंडळी फेऱ्या मारतायत आणि मधोमध हे पोरगं एकटंच फुटबॉल घेऊन उभं आहे. चेहऱ्याकडं नंतर बघू, आधी पाय बघा. उजवा बूट पुढून उसवलाय, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. डाव्या गुडघ्यावर नी-कॅप आहे, धुऊन धुऊन सैल पडलेली, म्हणून दर थोड्या वेळानं तो ती वर ओढतो, आणि ओढताना पण बॉल हवेतच असतो. पन्नास, साठ, सत्तर, पुढं आम्ही मोजायचं सोडून दिलं.

वय 17. नाव सांगत नाही, अजून लहान आहे तो.

कोल्हापुरात असं पोरगं दरवर्षी दिसतं. कुठल्याही पेठेत जा, कट्ट्यावर बसलेल्या कुणालाही विचारा, तो पाच नावं सांगेल, अमका काय खेळायचा, तमक्याचा डावा पाय काय होता, आणि प्रत्येक नावानंतर एकच वाक्य येतं, "पुढं जायला पाहिजे होता." हे वाक्य आम्ही एवढ्या वेळा ऐकलं की शेवटी कॅमेरा घेऊन निघालो.

(शाहू स्टेडियम, मॅचचा दिवस. हलगी. हा आवाज कमी करू नका.)

हे बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं निवांत दाखवतो. कोल्हापूरचा फुटबॉल तालमीत वाढला. तालीम म्हणजे कुस्तीची, लाल मातीची, जोर-बैठकांची जागा, पण संस्थानच्या काळात राजघराण्यानं फुटबॉलला हात दिला आणि पेठांनी तो असा काही उचलला की मातीत लढणारी पोरं संध्याकाळी बॉलच्या मागं पळायला लागली. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, आपण जिला केएसए म्हणतो. आणि टीमची नावं बघा, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. बहुतेक नावात तालीम आहे नाहीतर पेठ आहे. म्हणजे टीम हरली तर अकरा पोरं हरत नाहीत, अख्खी गल्ली हरते. त्या रात्री घरात कुणी नीट जेवत नाही.

ही गर्दी बघा. साधी लीगची मॅच आहे ही. ऊन डोक्यावर आहे, लोक दुपारपासून जागा धरून बसलेत, आजोबा आहेत, त्यांच्या मांडीवर नातू आहे, दोघांच्या गळ्यात एकाच तालमीचा स्कार्फ आहे. भारतात मॅचला एवढी माणसं स्वतःहून येतात अशी ठिकाणं फार नाहीत, कोलकाता, गोवा, केरळ, ईशान्येकडची राज्यं, आणि हे आमचं कोल्हापूर. ईर्षा म्हणतात इकडं याला. ईर्षा हा शब्द बाहेर वाईट असेल, इथं ती पेठेची श्रीमंती आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय, कारण मी याच गॅलरीत वाढलोय.

पण याच ईर्षेत पोरगं कसं अडकतं ते आता बघा.

(13 वर्षांखालील मुलं, रांगेत उभी.)

ही अंडर-13 ची निवड चाचणी. रांग बघा, काहीतरी दिसतंय का? डावीकडची चार पोरं उजवीकडच्यांपेक्षा टीचभर उंच आहेत. सगळी एकाच वयोगटातली, पण वयोगट 1 जानेवारीपासून धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं पोरगं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच रांगेत उभं राहतं, दोघांच्यात जवळजवळ एक वर्षाचं अंतर असलं तरी. बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खूप झालं. मोठं पोरगं धक्का मारून बॉल काढून घेतं, लांब किक मारतं, आणि चाचणी घेणाऱ्याला तेच टॅलेंट वाटतं. जगभर हे दिसलंय, युरोपातल्या मोठमोठ्या अकादम्यांत सुद्धा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त भरलेली असतात. मग काय होतं, मोठ्याला जास्त मॅच मिळतात, जास्त कोचिंग मिळतं, आणि तो ताकदीवर जिंकत राहतो म्हणून त्याला पहिला टच, अंगावर माणूस असताना वळणं, डोकं वर करून पास देणं, हे शिकायची गरजच पडत नाही. सतराव्या वर्षी बाकीची पोरं उंचीला येतात आणि याच्याकडं दुसरं काहीच नसतं. लोक म्हणतात पोरगं बिघडलं. पोरगं बिघडलेलं नसतं हो, त्याला शिकवलेलंच नसतं.

आणि तो शेवटचा बारका बघा, रांगेच्या टोकाला, ढगळ जर्सीवाला. त्यानं पूर्ण चाचणीत एकदाही बॉल घालवला नाही. आम्ही फुटेज दोनदा बघितलं. तो निवडला गेला नाही.

जन्मदाखल्याचा खेळ वेगळाच. वय चोरलेलं पोरगं तेराव्या वर्षी पंधराच्या ताकदीनं खेळतं आणि हिरो होतं, पण एकदा मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासलं की विषय संपतो, आणि तो दाखला काढणारं माणूस मोठं असतं, पोरगं नसतं.

(पोरगं सीनियर टीमच्या जर्सीत. स्लो मोशन.)

परत आपल्या सकाळच्या पोराकडं येऊ. हा सोळाव्या वर्षी सीनियरमध्ये आला. पहिल्याच सीझनला एका मॅचमध्ये डावीकडून दोघांना कट मारून आत आला आणि लांबच्या कोपऱ्यात बॉल ठेवला, हा बघा, परत बघा. गोलनंतर गॅलरीतून लोक खाली आले, याला खांद्यावर घेतलं, रात्री पेठेत मिरवलं, स्टेटसला सगळीकडं याचाच फोटो. सोळा वर्षाच्या पोराला त्या रात्री काय वाटलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसतंय, मी काही बोलत नाही.

(इथं निवेदन नाही. दहा सेकंद.)

तेव्हापासून त्याला विश्रांती नाही. डिसेंबरच्या आसपास सीझन चालू होतो, लीग, मग एकामागोमाग एक चषक, पार पावसाच्या तोंडापर्यंत. त्यात शाळा-कॉलेजच्या मॅच वेगळ्या, आणि सुट्टीत आजूबाजूच्या गावातल्या सेव्हन-अ-साईड, म्हणजे सात-सात जणांच्या मॅच वेगळ्या, जिथं एका दिवसात तीन-तीन मॅच होतात कारण बक्षिसाची रक्कम संध्याकाळपर्यंत वाटून टाकायची असते. वाढत्या वयाच्या पोराचं हाड भराभर वाढतं, स्नायू मागं राहतात, आणि मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली जिथं नडगीला धरलेला असतो तिथं दर उडीला, दर किकला ओढ बसते. तिथं गाठ येते, हात लावला तरी दुखतं. डॉक्टरकडं गेलं तर सांगतात खेळ कमी कर, बर्फ लाव, ताणाचे व्यायाम कर, वाढ थांबली की बहुतेकांचं हे आपोआप जातं. पण खेळ कमी कर हे पेठेला सांगायचं कुणी? सेमीफायनल आहे, म्हणून स्प्रे मारायचा, नी-कॅप चढवायची, उतरायचं.

त्याच्या नी-कॅपच्या खाली काय आहे ते त्यानं आम्हाला दाखवलं. हा तो शॉट.

आणि खरी भीती लिगामेंटची, म्हणजे गुडघ्यात हाडांना हाड धरून ठेवणाऱ्या पट्ट्याची. पोरांच्या भाषेत "लिगामेंट गेलं", एवढंच. ऑपरेशन होतं, पण त्यानंतर मैदानावर यायला नऊ महिने तरी पाहिजेत आणि त्या नऊ महिन्यात रोज व्यायाम करून घेणारं माणूस पाहिजे. इथं बऱ्याच वेळा ऑपरेशनसाठी वर्गणी जमते, पेठ मनानं मोठी आहे, दोन दिवसात जमते. पण ऑपरेशननंतरच्या नऊ महिन्यांसाठी वर्गणी काढलेली मी तरी बघितली नाही, आणि पोरगं पाचव्या महिन्यात परत उतरतं.

(जुनं फुटेज, 2017.)

आता कोल्हापूरचंच एक पोरगं असं आहे की जे पुढं गेलं. अनिकेत जाधव. 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप भारतात झाला, भारत पहिल्यांदाच फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घानाविरुद्ध, आणि त्या टीममध्ये आपला अनिकेत होता. घरची परिस्थिती साधी, वडील रिक्षा चालवायचे. तिन्ही मॅच हरलो, कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं भारताचा पहिला गोल मारला, तेव्हा कोल्हापुरात टीव्हीसमोर जी माणसं होती त्यांना विचारा काय झालं होतं.

पण अनिकेतच्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तो लहानपणीच कोल्हापुरातून बाहेर पडला. पुण्याला क्रीडा प्रबोधिनी, म्हणजे खेळाडूंना ठेवून घेऊन शिकवणारी सरकारी संस्था, मग पुणे एफसी या क्लबची अकादमी. म्हणजे ज्या वयात इथली पोरं खांद्यावरून मिरवली जातात त्या वयात तो हॉस्टेलमध्ये राहून बाहेरच्या चांगल्या पोरांकडून हरत होता, मार खात होता, बाकावर बसत होता. रोज आपल्यापेक्षा चांगल्या पोराशी गाठ पडणं, हेच तर लागतं. पेठेत तू सोळाव्या वर्षी सगळ्यात चांगला झालास की तुला शिकवणारं कुणी उरत नाही.

मग बाकीच्यांनी पण पुण्याला जावं, असं सोपं उत्तर सुचतं. हे बघा पुण्याचं काय झालं.

(पुण्यातलं बालेवाडी स्टेडियम, रिकामी गॅलरी. आम्ही आत जाऊ शकलो तेवढंच.)

पुणे एफसी, आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये खेळायची, 2015 नंतर सीनियर टीम नाही. तिची अकादमी 2016 मध्ये एफसी पुणे सिटीनं घेतली. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपली, तिची जागा हैदराबादला गेली. भारत एफसी एकच सीझन खेळली, 2015. डीएसके शिवाजियन्स, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती त्यांची, 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर. मुंबईत बघायचं तर महिंद्रा युनायटेड, 2006 मध्ये नॅशनल लीग जिंकलेली टीम, 2010 मध्ये बंद, मुंबई एफसी 2017 मध्ये बंद. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा 2016 मध्येच आय-लीगमधून उठले. ज्या शिडीनं अनिकेत वर गेला त्या शिडीची पायरी आता जागेवर नाही, आणि कोल्हापूरच्या सतरा वर्षाच्या पोराला आपण सांगतोय वर चढ. 2025 मध्ये तर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच वेळेवर सुरू झाली नाही, देशाची सगळ्यात मोठी लीग, मग खालच्यांनी कुणाकडं बघायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे, पोरगं चौदाव्या वर्षी कसं खेळतं यावर आपण सगळे बोलतो, पण सतरा ते एकवीस ही चार वर्षं त्याला कोण सांभाळतं? मोठ्या क्लबात पोरगं सीनियरला तयार नसेल तर राखीव टीममध्ये त्याच्याच ताकदीच्या पोरांबरोबर आठवड्याला एक मॅच, मध्ये सराव, मध्ये विश्रांती असं ठेवतात. इथं मधली पायरीच नाही. एकतर अंडर-17, नाहीतर थेट तिशीतल्या डिफेंडरसमोर शाहू स्टेडियमवर फायनल, समोर बाहेरून पैसे देऊन आणलेला सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू. कुठल्या एका तालमीला मी दोष देत नाही, तालीम नसती तर हा खेळच नसता. पण जी तालीम बाहेरच्या दोन खेळाडूंवर सीझनला खर्च करते ती एका चांगल्या फिजिओचा आणि एका राखीव टीमचा खर्च करू शकते, हे मी ठामपणे म्हणतो.

नोकरीचं पण तसंच. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेचं मेडल लागतं, पेठेतल्या चषकाचा मॅन ऑफ द मॅच तिथं चालत नाही. चोवीस-पंचविसाव्या वर्षी हे कळतं, तोपर्यंत कॉलेज सुटलेलं असतं, मग कुणी डिलिव्हरी करतो, कुणी भावाच्या गाडीवर, कुणी कारखान्यात शिफ्टला.

(तालमीतली भिंत. फोटो, ढाली, चषक.)

ही भिंत आम्ही जवळून घेतली. 1980 च्या दशकातले काळे-पांढरे फोटो आहेत, अकरा जण, पुढची रांग गुडघ्यावर, मध्ये चषक. फोटोखाली कुणीतरी पेनानं नावं लिहिलीत, शाई उडत चाललीय. सगळ्यात नवीन फोटो मागच्या सीझनचा आहे, उजवीकडून दुसरा, आपलं सकाळचं पोरगं. डोळे बारीक केलेत, ऊन होतं.

(परत गांधी मैदान, सात वाजून गेलेत.)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी कॅमेरा बॅगेत घालत होतो तेव्हा तो आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला पुण्यात पुढच्या महिन्यात एक चाचणी आहे, जाऊ का? त्याच तारखेला इथं सेमीफायनल होती. तालमीतल्या मोठ्यांना अजून सांगितलं नव्हतं. आम्ही काय बोलणार, म्हटलं घरात विचार. तो बरं म्हणाला, नी-कॅप वर ओढली आणि परत मैदानाच्या मध्यात गेला.