सैन्य नसलेला सेनापती

मित्रहो, सोव्हिएत सेनानी म्हटलं की आपल्यासमोर झुकॉव्ह उभे राहतात, रोकोसोव्स्की उभे राहतात. मी आज बोलणार आहे प्योत्र ग्रिगोरेन्को यांच्याविषयी. त्यांची सर्वांत अवघड लढाई युद्ध संपल्यावर सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे.

जन्म १९०७ चा, युक्रेनमधल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. विशीतच कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. १९३९ मध्ये मंगोलियातल्या खाल्खिन गोलला जपान्यांविरुद्ध आणि पुढे महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढले, जखमीही झाले. युद्धानंतर मॉस्कोच्या फ्रुन्झे लष्करी अकादमीत शिकवू लागले आणि १९५९ मध्ये मेजर जनरल झाले. पद, मान, पगार, सगळं होतं.

सप्टेंबर १९६१ मध्ये पक्षाच्या एका जिल्हा अधिवेशनात ते बोलायला उठले. स्तालिनसारखी व्यक्तिपूजा नव्या पुढाऱ्याभोवती, म्हणजे ख्रुश्चेवभोवती, पुन्हा उभी राहू नये म्हणून काय करणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अकादमीतली जागा गेली, बदली थेट अतिपूर्वेला झाली. पुढे त्यांनी छुपी पत्रकं वाटली आणि १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. खटला मात्र चालवला नाही. खटला चालला असता तर आरोपीला बोलू द्यावं लागलं असतं. वेडा ठरवलेल्या माणसाचं ऐकायला कोण बांधील असतं? त्यांना मनोरुग्णालयात कोंडलं, जनरलचा हुद्दा काढून घेतला. १९६५ मध्ये सुटल्यावर ते पोटासाठी हमाली करू लागले.

इथे बहुतेक माणसं गप्प बसली असती. ग्रिगोरेन्को क्रिमियन तातारांच्या, म्हणजे क्रिमिया द्वीपकल्पातल्या मूळ रहिवाशांच्या, बाजूने उभे राहिले. मे १९४४ मध्ये स्तालिनने देशद्रोहाचा ठपका ठेवून ही सगळी जमात, बायका-मुलं-म्हातारे धरून, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकलली होती. १९६७ च्या सरकारी हुकमाने तो कलंक पुसला, पण घरी परतण्याची वाट बंदच ठेवली. मार्च १९६८ मध्ये मॉस्कोतल्या एका समारंभात ग्रिगोरेन्कोंनी तातारांना सांगितलं, की जे हक्काने तुमचं आहे ते मागताना हात जोडू नका, ठणकावून मागा. युक्रेनी शेतकऱ्याचा मुलगा परक्या जमातीला हे सांगत होता! मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

मे १९६९ मध्ये ताश्कंदला त्यांना पुन्हा पकडलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून ते शहाणे असल्याचा निर्वाळा दिला. मग मॉस्कोच्या सेर्ब्स्की या मनोविकार संस्थेने तो फिरवला, आणि समाज सुधारण्याच्या त्यांच्या विचारांनाच आजाराचं लक्षण ठरवलं. चेर्न्याखोव्स्कच्या कैदी-इस्पितळात त्यांनी वर्षं काढली. सेम्योन ग्लुझमन नावाच्या तरुण मनोविकारतज्ज्ञाने उपलब्ध माहिती अभ्यासून हे निदान खोटं असल्याचं लिहिलं. त्याला सात वर्षं छावणी आणि तीन वर्षं हद्दपारी भोगावी लागली.

१९७४ मध्ये सुटका झाल्यावरही ग्रिगोरेन्को थांबले नाहीत. १९७६ मध्ये मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या मॉस्को हेलसिंकी गटाच्या संस्थापकांत ते होते. उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तर मागे नागरिकत्व रद्द झालं. तिथे त्यांनी स्वतःहून मनोविकारतज्ज्ञांना आपली तपासणी करायला सांगितलं. १९७९ मध्ये त्या तज्ज्ञांना आजाराचं एकही लक्षण सापडलं नाही. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते वारले. त्यानंतर काही वर्षांनी खुद्द त्यांच्या देशातल्या तज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं उघडली आणि जनरल कधीच वेडे नव्हते, असा निष्कर्ष नोंदवला.