काटा फुलताना : सोलापुरातल्या घरचा हलवा

सोलापूरची मकरसंक्रांत म्हणजे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची यात्रा. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता सोहळा आणि होमविधी अशा ओळीने दिवस जातात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, आणि या धामधुमीच्या काही दिवस आधी शहरातल्या एका स्वयंपाकघरात बाळाच्या बोरन्हाणासाठी काटेरी हलवा प्रथमच घरी केला जात आहे. आजवर तो पुडीतूनच येत असे.

साहित्य नावापुरतेच आहे : भाजलेले तीळ, साखर, पाणी आणि चमचाभर दूध. दुधामुळे साखरेतली मळी वर येते. ती झाऱ्याने काढून पाक गाळला जातो. दोन बोटांत एक तार धरली की पाक तयार समजावा, कारण त्यापुढे आटलेला पाक वाटीतच साखर धरू लागतो.

खरे काम परातीत आहे. पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर परात ठेवीत. येथे गॅसच्या अगदी बारीक आचेवर तवा आणि त्यावर पितळी परात आहे. कोमट तिळांवर चमचाभर पाक पडतो आणि सूनबाईंची बोटे दाणे सतत फिरवत राहतात. पाण्याचा अंश उडतो, साखरेचे बारीक कण दाण्याला धरतात, आणि पुढचा थेंब त्या खरबरीत कणांवर बसतो; असे थरावर थर चढत गेले म्हणजे कण टोकदार होऊन बाहेर डोकावतात. पाक एकदम ओतला तर दाण्यांचे गोळे होतात, आणि हात जड पडला तर आलेला काटा मोडतो. “दाबू नकोस गं, नुसतं लोळव,” एवढेच सासूबाई सांगतात. पहिल्या बैठकीत तीळ केवळ पांढरे दिसतात. काट्यासाठी पुढचे दोन-तीन दिवस बसावे लागते, हे पुडीतला हलवा खाणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

हवाही महत्त्वाची आहे. पर्जन्यछायेतल्या सोलापुरात जानेवारी कोरडा आणि सकाळी गार असतो, त्यामुळे थर लवकर सुकतात. दमट हवेत हाच दाणा ओलसर राहून गुळगुळीत होतो.

चौथ्या सकाळी काटे बोटांना टोचू लागतात. मोठे दाणे हार आणि मुकुटासाठी वेगळे काढून एकेक दोऱ्याच्या गाठीत अडकवले जात आहेत, आणि उरलेला हलवा तिळगुळाच्या डब्यात मिसळला जात आहे.